“ताई, पोरगं तोंडच उघडत नाही!” : वाचकांचे प्रश्न, दातांबद्दल

मागच्या अंकात दिव्यांग मुलांच्या डब्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर जे मेसेज आणि पत्रं आली त्यातली निम्मी तरी डब्याबद्दल नव्हतीच, दातांबद्दल होती, म्हणून या वेळी फक्त दात. मी खान्देशात बरीच वर्षं फिरती विशेष शिक्षिका म्हणून काम करतेय, दातांची डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधोपचाराचं जे काही खाली आहे ते एका दातांच्या डॉक्टर मैत्रिणीला दाखवून मगच छापायला दिलंय. पत्र लिहिणाऱ्यांची आणि मुलांची नावं देत नाही.

प्रश्न : माझी मुलगी ७ वर्षांची आहे, बौद्धिक दिव्यांग आहे, बोलत नाही. पंधरा दिवसांपासून स्वतःच्या गालावर मारून घेते. शाळेतून रोज तक्रार, डबा फेकते, शेजारच्या मुलांना चावते. सगळे म्हणतात वागणुकीचा प्रॉब्लेम आहे, शांत राहायचं औषध सुरू करा. काय करू?
– एक आई, भुसावळ

ताई, औषधाचं नंतर बघू, आधी तिचं तोंड बघा, आज रात्रीच बघा. तिला पलंगावर आडवं करा, डोकं तुमच्या मांडीवर घ्या, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च धरायला सांगा आणि गाल हलकेच बोटाने बाजूला करून मागच्या दाढा बघा. काळा-तपकिरी खड्डा दिसतोय का, हिरडीवर पुळी आलीये का, एका बाजूचा गाल जास्त गरम लागतोय का. गाल सुजलाय आणि अंगात ताप आहे असं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट नका बघू, लगेच घेऊन जा. काहीच दिसलं नाही तरी एकदा दातांच्या डॉक्टरला दाखवाच कारण दोन दाढांच्या मधली कीड टॉर्चने दिसत नाही, आणि कान पण तपासून घ्या.

बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं. एकाच बाजूने चावायला लागतं, गार पाणी नको म्हणतं, कालपर्यंत आवडणारी भाकरी आज ढकलून देतं, रात्री दचकून उठतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो, मारकं म्हणतो. पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत मला एक मुलगा दाखवला होता, वर्षभर त्याला वेगळं एकट्याला बसवायचे कारण तो चावतो, आणि त्याच्या खालच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला होता. दाढ काढली, आठवड्याभरात त्याचं चावणं थांबलं. त्या वर्षभराचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या शाळेत मी पण दोनदा जाऊन आले होते आणि तोंड बघायचं मला पण सुचलं नव्हतं.

अजून एक गोष्ट, तिचं वय ७ आहे म्हणून सांगते. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे, दुधाच्या दाढांच्या पाठीमागे एक नवीन दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही त्यामुळे घरात कळतच नाही आणि लोक समजतात दुधाचीच आहे, पडेल. ती पडत नसते, ती आयुष्यभराची आहे, आणि पक्क्या दातांत बहुतेक वेळा नेमकी तीच आधी किडते.

आणि तिला दुखणं सांगायला शिकवा, म्हणजे पुढच्या वेळी पंधरा दिवस जाणार नाहीत. गालावर हात ठेवलेल्या मुलीचा फोटो, तिचाच काढा, कार्ड करून भिंतीला लावा आणि कार्डाकडे बोट दाखवायची रोज सवय करा. घरात अहिराणी बोलत असाल तर “आठे दुखस का?” असंच विचारा. शाळेतलं “वेदना होतात का” तिच्या कानाला परकं आहे.

प्रश्न : मी जि. प. शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात ३४ मुलं, त्यात एक डाऊन सिंड्रोमची मुलगी, एक ऑटिझमचा मुलगा आणि एक सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हातपाय नीट ताब्यात नसतात). शाळेत दातांचा कार्यक्रम झाला, मोठा प्लास्टिकचा जबडा आणला होता, बाकीची मुलं रमली पण हे तिघं नुसते बसून होते. यांना कसं शिकवायचं?
– एक शिक्षिका, चोपडा तालुका

मॅडम, तुम्ही तिघांकडे लक्ष ठेवलंत हेच खूप आहे, बऱ्याच ठिकाणी या मुलांना कार्यक्रमाच्या दिवशी मागच्या ओळीत बसवून फोटो काढतात आणि संपलं.

तो प्लास्टिकचा जबडा बाजूला ठेवा. बौद्धिक दिव्यांग मुलाला तो भलामोठा लाल जबडा आणि स्वतःच्या तोंडातले दात एकच आहेत हे जुळवता येत नाही. त्याला आरसा द्या, त्याचंच तोंड, त्याचाच ब्रश. आणि शब्द जपून वापरा. आपण सहज म्हणतो दाताला कीड लागते, ऑटिझमची मुलं शब्द जसाच्या तसा घेतात. एका मुलाने तर जेवणच सोडलं होतं कारण त्याला वाटलं तोंडात अळ्या आहेत. दातात अळी बिळी काही नसते, गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि ते दाताला खातं. मुलांना एवढंच सांगा, “गोड चिकटलं की दात दुखतो, घासलं की निघून जातं.” (बाजारात दातातली कीड काढून दाखवणारे बसतात ना, त्यांच्याकडे कुणी जात असेल तर त्या पालकांशी पण बोला.)

आता शिकवणं. ब्रश करणं हे आपल्याला एक काम वाटतं पण कागदावर उतरवून बघा, टोपण काढायचं, ट्यूब दाबायची, ब्रश पकडायचा, ओला करायचा, तोंड उघडायचं, उजवीकडे, डावीकडे, समोर, वर, खाली, थुंकायचं, ब्रश धुवायचा, जागेवर ठेवायचा, बारा-तेरा पायऱ्या सहज होतात. यातली शेवटची पायरी आधी शिकवायची. म्हणजे सगळं तुम्ही त्याच्या हातावर हात ठेवून करायचं आणि फक्त ब्रश धुऊन जागेवर ठेवणं त्याने एकट्याने करायचं आणि लगेच “झालं! शाब्बास!” असं म्हणायचं. ते पक्कं झालं की शेवटून दुसरी पायरी. उलटं वाटेल पण यात मूल रोज काम पूर्ण करून उठतं. पहिल्या पायरीपासून गेलात तर रोज मधेच अडकतं आणि रडून उठतं. एका पायरीला महिना लागला तरी लागू द्या.

वेळ ठरवा, खिचडी झाली की सगळ्या ३४ मुलांनी नळाच्या ओळीत ब्रश करायचा. या तिघांना वेगळं नका काढू, शेजारची मुलं बघून जे शिकतात ते तुम्ही आणि मी शिकवू शकत नाही. दर बाजूला दहापर्यंत मोठ्याने आकडे म्हणायचे, त्यात आकड्यांचाही सराव होतो. ब्रशवर नाव लिहा, जे वाचत नाहीत त्यांच्या ब्रशला रंगीत चिकटपट्टी. एकमेकांना टेकणार नाहीत असे उभे ठेवा, ओल्या ब्रशला टोपण लावून बंद करू नका, आणि तीन महिन्यांनी किंवा केस वाकले की बदला. पेस्ट फ्लोराईडची (दात किडण्यापासून वाचवणारा घटक) घ्या, पाकिटावर साधारण १००० पीपीएम लिहिलेलं बघून. लहान मुलांची म्हणून जी रंगीत पेस्ट मिळते त्यातल्या काहींत फ्लोराईड कमी असतं, काहींत नसतंच. वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ज्याला थुंकता येत नाही त्याला तांदळाच्या दाण्याएवढीच. घासून झालं की थुंकायला लावा, भराभरा चुळा नको, नाहीतर फ्लोराईड पण वाहून जातं.

तुमच्या तिघांबद्दल थोडं वेगवेगळं. डाऊन सिंड्रोमच्या मुलीला दात उशिरा येतात, छोटे असतात, एखादा नसतोही, त्याने घाबरू नका. तिला किडीपेक्षा हिरड्यांचा त्रास जास्त होतो, म्हणून ब्रश हिरडीच्या काठावर गेला पाहिजे. आणि या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळे दात काढायचा असेल तर डॉक्टरला हृदयाचं आधी सांगायचं हे तिच्या आईला आठवणीने सांगा, काही मुलांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला ब्रशची बारीक दांडी धरता येत नाही, तर सायकलच्या हँडलची रबरी मूठ आणा, सायकलच्या दुकानात मिळते, त्यात दांडी घट्ट बसवा. किंवा रबरी चेंडूला भोक पाडून त्यातून. ऑटिझमच्या मुलाला नळाजवळ क्रमाने फोटो लावा, चित्र नको, त्याचेच फोटो, त्याच नळाचे. बाकी पुढच्या उत्तरात आहे.

एक गोष्ट पालकांच्या मीटिंगमध्ये नक्की सांगा, शाळेतला ब्रश हा सराव आहे, खरं घासणं रात्री झोपायच्या आधीचं. आणि ते मोठ्या माणसाने करून द्यायचं. साध्या मुलाला सुद्धा सात-आठ वर्षांपर्यंत स्वतःहून नीट घासता येत नाही, या मुलांना अजून बरीच वर्षं मदत लागेल, काहींना कायम. त्याला स्वतः करू द्या आणि मग तुम्ही एकदा फिरवा.

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा, ऑटिझम. ब्रश तोंडात गेला की किंचाळतो, ओकारी काढतो. दोघं धरून घासतो तेव्हा कुठे होतं. रोज सकाळी घरात रडारड.
– एक आई, अमळनेर

ताई, धरून घासणं थांबवा. तुम्ही कुठल्या नाइलाजाने करताय ते कळतंय मला, पण रोज धरलं की ब्रश दिसला तरी तो पळणार, आणि उद्या दवाखान्याची खुर्ची दिसली तरी पळणार. आधी एकदा दात दुखत नाहीयेत ना हे तपासून घ्या, दुखऱ्या दाताला ब्रश लागला तर कुणीही ओरडेल.

मग हे शोधायचं की त्याला नक्की काय सहन होत नाही. काही मुलांना पेस्टचा तिखट झोंबणारा वास, पुदिन्याचा, काहींना फेस, काहींना केसांचं टोचणं, काहींना मोरीतला ट्यूबलाइटचा आवाज. एकेक बदलून बघा. पेस्टशिवाय नुसता ओला ब्रश घ्या, एकदम मऊ केसांचा. मोरी सोडा, ओट्यावर, अंगणात, झोक्यावर, जिथे तो शांत असतो तिथे करा, ब्रश मोरीतच करायचा असा काही नियम नाही. सकाळच्या घाईत तर नकोच. पहिले काही दिवस ब्रश फक्त हाताच्या तळव्यावर फिरवा, मग गालावर बाहेरून, मग ओठावर, मग पुढच्या दातावर आणि मोठ्याने एक ते पाच, पाच म्हटलं की ब्रश बाहेर, कितीही चांगलं चाललेलं असलं तरी बाहेर. त्याला कळलं पाहिजे की हे पाचला संपतं. त्याचा तुमच्यावर विश्वास बसला की पाचाचे दहा होतात. जिभेच्या मागच्या बाजूला गेलं की ओकारी येते, तिकडे सगळ्यात शेवटी. तुम्ही त्याच्या मागे उभ्या राहा, त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकलेलं, समोर आरसा. समोरून हात आला की या मुलांना अंगावर आल्यासारखं होतं. ब्रश जमला की पेस्ट आणा, बिनफेसाची, बिनवासाची फ्लोराईडची पेस्ट मेडिकलवाल्याला सांगितली तर मागवून देतो.

दीड-दोन महिने धरून चाला, तोपर्यंत दात पूर्ण स्वच्छ होणार नाहीत म्हणून गोड फक्त जेवणासोबत द्या, दोन जेवणांच्या मध्ये साधं पाणी.

प्रश्न : आमच्या विशेष शाळेत मुलाने काम केलं की बक्षीस म्हणून चॉकलेट, गोळी देतात. पालकांनी विचारलं तर सांगतात त्याशिवाय मुलं काम करत नाहीत. हे बरोबर आहे का?
– एक शिक्षक, जळगाव

नाही. मी पण सुरुवातीची काही वर्षं पर्समध्ये गोळ्या ठेवायचे त्यामुळे हे मी अधिकाराने नाही, पस्तावून लिहितेय. सकाळपासून दर दहा मिनिटांनी एक गोळी म्हणजे दिवसभर दात आम्लात बुडालेले. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याने दात जास्त जातात, सणाला ताटात पुरणपोळी खाल्ली तर तितकं बिघडत नाही जितकं दिवसभर चघळलेल्या गोळ्यांनी बिघडतं. बिस्कीट पण तेच, आपण बिस्कीट गोड धरत नाही पण ते दाढांच्या खाचेत चिकटून बसतं. बक्षीस बदला, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे (गिळायचा त्रास असलेल्या मुलाला हे दोन्ही नको, घशात अडकतात), स्टिकर, टाळी, दोन मिनिटं झोका, घंटा वाजवायचा मान. घंटेचा मान तर माझ्या अनुभवात चॉकलेटच्या वर चालतो. रावेरच्या एका पालकांनी विचारलं होतं केळ्याने दात किडतात का, तर केळं बिस्किटापेक्षा केव्हाही चांगलं, फक्त ज्या मुलाला घास गालात धरून ठेवायची सवय आहे त्याचं तोंड पाण्याने साफ करून घ्या.

प्रश्न : नातीला फिट येतात, ३ वर्षांपासून गोळ्या चालू. तिच्या हिरड्या वाढून दातांवर आल्यात. गावात म्हणतात गोळ्यांची उष्णता आहे, बंद करा.
– एक आजोबा, शिरपूर

बाबा, गोळ्या अजिबात बंद करू नका, एकदम बंद केल्या तर जोराची फिट येऊ शकते. उष्णता नाही पण गोळ्यांचा संबंध असू शकतो हे खरं. फिनिटॉइन नावाचं फिटचं एक औषध आहे त्याने काही मुलांच्या हिरड्या वाढतात. पाकिटावर ते नाव आहे का बघा आणि असलं तर पाकीट घेऊन ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडे जा, बदलायचं की नाही ते तेच ठरवतील. दात जितके स्वच्छ तितकी हिरडी कमी वाढते, म्हणून रक्त आलं तरी मऊ ब्रशने हळूहळू घासणं चालू ठेवा, रक्त येतं म्हणून बंद केलं तर अजून येतं. आणि पातळ सिरप असेल तर ते बहुतेक गोड असतं, रात्री सिरप देऊन तसंच झोपवू नका, आधी सिरप, मग ब्रश, मग झोप.

प्रश्न : धडगाव भागात शिकवतो. मुलं घरी पावरी बोलतात. घरात ब्रश-पेस्ट नाही, दातण किंवा राख, आणि मोठ्या बायका मिश्री लावतात, लहान मुली पण लावायला लागल्यात. त्यात माझी एक कमी दिसणारी आणि एक मतिमंद मुलगी आहे. कुठून सुरू करू?
– एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

सर, मिश्रीपासून. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दुसरं काही नाही, आणि दात घासायच्या नावाखाली ती लहान पोरींच्या तोंडात जाते हे सगळ्यात वाईट. तोंड बधिर होतं म्हणून दुखणं थांबल्यासारखं वाटतं आणि सवय लागते. बौद्धिक दिव्यांग मुलगी आई-आजीचं बघून करते, तिला “करू नको” सांगून उपयोग नाही, घरात डबी तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा म्हणून आजीलाच सांगावं लागेल. ते आरोग्यसेविका किंवा आशाताई सोबत असतील आणि त्यांच्या बोलीत बोलल्या तर ऐकलं जातं. राखेने दात झिजतात. दातणाला मी नाव ठेवणार नाही, कडुलिंबाची काडी चावून नीट घासणारे म्हातारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण त्यात फ्लोराईड नाही आणि ज्या मुलाचा हात वळत नाही त्याच्या हिरडीला काडी टोचते. शाळेतले ब्रश शाळेतच ठेवा, म्हणजे दिवसातून एकदा तरी होईल.

“मतिमंद” शब्द मात्र आता सोडूया सर, बौद्धिक दिव्यांग म्हणा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पण तसंच आहे. कमी दिसणाऱ्या मुलीला आधी सगळं हातात द्या, कोरडा ब्रश, ओला ब्रश, पेस्टचा वास, आणि पेस्ट ब्रशवर न लावता तिच्याच बोटावर घेऊन दाताला लावू द्या, ब्रशवर नेम धरायची कटकटच नाही. न सांगता तोंडाला हात लावू नका. पावरी शब्द तुमच्याच वर्गातल्या मुलांकडून घ्या, त्यांना आवडतं शिकवायला.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. ब्रश घातला की दात आवळतो, सुटत नाही. दोन दाढा किडल्यात. दोन ठिकाणी नेलं तर “हा बसणार नाही, मोठ्या शहरात न्या” म्हणून परत पाठवलं. कुठे जायचं?
– एक वडील, साक्री

भाऊ, तो मुद्दाम आवळत नाही, ते त्याच्या स्नायूंचं आहे. ओढून काढू नका, बोट तर कधीच दातांच्या मध्ये घालू नका, थांबा, मान-खांदे सैल होऊ द्या, सुटतं. त्याला आडवं करून घासू नका, पेस्ट आणि लाळ श्वासात जाते. टेकून बसवा, हनुवटी थोडी खाली, तुम्ही मागून हाताने डोकं सांभाळा, ब्रश समोरून न घालता गालाच्या बाजूने सरकवा.

परत पाठवलं त्याचं वाईट वाटलं, असं व्हायला नको. तुमच्यासाठी जवळचं म्हणजे धुळ्याचं डेंटल कॉलेज, तिथे “पेडो” विभाग विचारा, लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर, त्यांना दिव्यांग मुलांवर उपचार करायचं शिक्षण दिलेलं असतं. दुसरा रस्ता शाळेतून, आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांची कीड आहे, हेडमास्तरांना सांगून नाव लिहायला लावा, म्हणजे पुढे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी मिळते. आणि नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुदिव्यांग यांच्यासाठी, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात दातांची प्रतिबंधक काळजी पण धरलीये. काढली नसेल तर काढून घ्या.

जायच्या आधी फोन करा, सकाळची पहिली वेळ मागा, गर्दी नसते आणि मुलगा थकलेला नसतो. पहिल्या दिवशी काहीच करू नका म्हणून सांगा, नुसतं खुर्चीत बसायचं, वर-खाली करायची, आरसा हातात घ्यायचा आणि घरी. त्याच्या ओळखीची उशी, टॉवेल न्या, फिटच्या गोळ्या चालू असतील तर पाकिटं न्या. किडलेल्या दाढेवर ड्रिल न करता लावायचं चांदीचं एक औषध असतं, सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड, ते ब्रशने नुसतं लावतात, कीड पुढे जायची थांबते पण तो भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढा आहेत, काळ्या दिसल्या तरी चालतील, दुखणं थांबणं महत्त्वाचं. पण खड्डा दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचला असेल तर ते चालत नाही, हे डॉक्टर बघून सांगतील. तुम्ही स्वतःहून विचारा, कारण “बसणार नाही” म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण ते सुचवतच नाहीत.